त्या मशीनमध्ये व्हायरस नव्हता

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातल्या गमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. एका धान्य व्यापाऱ्याने दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली आणि हळदकुंकू डब्याच्या जाळीतून नेमकं पंख्यावर वाहिलं. मशीन सुरू केल्याबरोबर ते सगळं त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर परत आलं. नाकाडोंगरीचे एक गुरुजी बंद पडलेला कॉम्प्युटर म्हणून नुसता मॉनिटर एसटीने घेऊन आले होते. डबा कुठे, विचारलं तर म्हणाले, "तो टेबलाखाली ऱ्हायते जी, त्याचं काय काम? चित्र तं याच्यातच दिसते." राइस मिलमधल्या एका मशीनचं झाकण काढलं तर आत कोंड्याची गादी आणि गादीवर उंदराची पिल्लं निवांत झोपलेली. मिलच्या मुनीमजींनी पिल्लं मोठी होईपर्यंत मशीन तसंच ठेवायला सांगितलं. तसंच ठेवलं.

असं पानभर लिहून झालं आणि मी ते बाजूला ठेवलं. या धंद्यात मी केलेली एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहिल्याशिवाय बाकीचं छापून आणायचा मला हक्क नाही, असं वाटलं. ती गोष्ट कुंदाची आहे. नाव बदलून लिहू का, म्हणून मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तवा नाव बदलून बोलले होते का कोणी?" म्हणून नाव खरं आहे.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे चूक कळेल.

कॉम्प्युटर यायच्या आधी मी भंडाऱ्यात स्टॅबिलायझर बांधायचो. तांब्याची तार गुंडाळायची, डब्यात बसवायचं, वर एक फिरवायचं बटण. आमच्या भागात उन्हाळी धानाचे मोटारपंप सुरू झाले की घराघरातली वीज मंदावायची. ट्यूब लुकलुकायची, पंख्याची पाती मोजता यायची. मग घरातलं कोणीतरी उठून स्टॅबिलायझरचं बटण एक घर पुढे सरकवायचं. कूलर हळू झाला, बटण पुढे. टीव्हीचं चित्र आक्रसलं, बटण पुढे. या जिल्ह्यात माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या हातात ही सवय आहे. यंत्र रडायला लागलं की व्होल्टेज वाढवायचं. मी तर त्याच सवयीवर पोट भरलं.

कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर नावाची चौकोनी चिप असते. सगळी आकडेमोड तीच करते. कारखाना तिचा वेग ठरवून देतो. पण काही जातींचे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतात. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की प्रोसेसरला किंचित जास्त व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज भिंतीतल्या सॉकेटचं नव्हे. प्रोसेसर एक-सव्वा व्होल्टवर चालतो, टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. तिथे दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडासुद्धा जपून बदलावा लागतो, कारण व्होल्टेज जरासं वाढलं तरी उष्णता भरमसाट वाढते. ती उष्णता बाहेर काढायची सोय नसेल तर प्रोसेसर चुका करायला लागतो. मशीन बंद पडलं तर बरं, निदान कळतं. वाईट हे की कधीकधी ते बंद न पडता चुकतं. फाइल कॉपी झाली असं पडद्यावर दिसतं, आणि झालेली असते भलतीच.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या वेळी निम्मं माहीत होतं, आणि निम्म्यावर मी भाव खात होतो.

तुमसरला गणपतभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग. मिक्सिंगला मोहाडीची कुंदा होती. कोशाच्या रेशमी साड्या विणणाऱ्या हिरामणभाऊंची मुलगी. सकाळच्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने जायची. पंचविशीच्या आतबाहेरची, हाताने इतकी चपळ की वऱ्हाडाची पंगत उठायच्या आत व्हिडिओ देईल असं गणपतभाऊ गिऱ्हाइकाला सांगायचे. तिची अडचण एकच होती, रेंडर. रेंडर म्हणजे सगळे तुकडे, गाणी, नावं एकत्र करून शेवटचा व्हिडिओ तयार करणं. त्यात मशीन तासन्‌तास अडकून पडायचं.

थंडीच्या दिवसांत गणपतभाऊंनी मला बोलावलं. मी प्रोसेसरचा वेग वाढवून दिला. पुन्हा तक्रार नको म्हणून व्होल्टेज गरजेपेक्षा वरच ठेवलं. सोबतचा छोटा पंखा आणि उष्णता बाहेर काढणारी धातूची छोटी जाळी तशीच राहू दिली. मशीन पळायला लागलं. कुंदा खूश झाली. "काका, तुम्ही तं याले पंख लावले!" गणपतभाऊंनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

वैशाख लागला तसं मशीन अडखळायला लागलं. चालता चालता पडदा थिजायचा. मी गेलो. डब्याची एक बाजू उघडून टाकली आणि खोलीतला मोठा कूलर थेट त्याच्या तोंडाशी लावला. आणि सवयीने व्होल्टेज एक पायरी आणखी वाढवलं.

दोन्ही गोष्टी चूक होत्या. कूलरची हवा गार असते, पण ओली असते, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी खारट. ती ओल आणि ते क्षार महिनाभर उघड्या मशीनवर बसत राहिले. वर वाढीव व्होल्टेजने प्रोसेसर आतून तापत राहिला. ताप आलेल्या माणसाच्या अंगावर ओलं फडकं टाकायचं आणि पोटात निखारे भरायचे, असा तो उपचार होता.

त्या हंगामात एका राइस मिलवाल्यांच्या मुलीचं लग्न गणपतभाऊंकडे होतं. तेव्हा मेमरी कार्डवाले कॅमेरे नुकतेच आले होते. शूटिंग झालं की कार्ड मशीनमध्ये उतरवायचं आणि पुसून दुसऱ्या लग्नाला पाठवायचं, अशी पद्धत. त्या लग्नाची कार्डंही तशीच उतरवून पुसली गेली. नंतर फाइली उघडल्या तर नवरीचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटलेला, मंगलाष्टकांचा आवाज चिरफाळलेला, आणि पाठवणी तर नाहीच.

दुपारी मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा दुकानात मिलवाल्यांकडची माणसं उभी होती. गणपतभाऊ घामाने डबडबलेले. कुंदा मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. मी मशीन नव्याने सुरू केलं, सेटिंगच्या पानावर तापमानाचा आकडा पाहिला. मग बॅटरी धरून आत पाहिलं. प्रोसेसरच्या शेजारच्या मेमरीच्या पट्टीवर क्षारांची पांढरी पावडर धरली होती.

मला त्याच क्षणी कळलं.

गणपतभाऊंनी विचारलं, "काय झालं जी?"

दुकानदारी करणाऱ्यांना माहीत आहे. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, जो वापरला की मेकॅनिक सुटतो. तो कोणाला दिसत नाही, कोणाला तपासता येत नाही. मी म्हणालो, "व्हायरस आहे."

"व्हायरस? तो कोठून आला?"

"इंटरनेटवरून येतो. भलतंसलतं काही पाहिलं की येतो."

ते वाक्य मी कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, अशी समजूत मी बरीच वर्षं घालत आलो. पण त्या मशीनवर एकच माणूस बसायचं.

कुंदा म्हणाली, "काका, याले तं नेटच नाही जोडलं."

खरं होतं. नेट गणपतभाऊंच्या टेबलावरच्या मशीनला होतं. तिथे मला थांबता आलं असतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, मिलवाल्यांचा एक माणूस गणपतभाऊंच्या अगदी अंगाजवळ येऊन उभा होता.

मी म्हणालो, "पेन ड्राइव्हमधूनही येतो."

"पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकं देतेत, गाण्यांचे. तुम्ही सांगा ना काका, तुमाले माहीत हाय." ती उठून उभी राहिली होती. "म्या काहीच नाही पाह्यलं जी. तुम्ही सांगा ना."

मी स्क्रू आवळायला घेतला. आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत राहिलो.

त्या संध्याकाळी गणपतभाऊंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गावात व्हायरस म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण "भलतंसलतं पाहिलं" हे सगळ्यांना कळलं. पोरगी दुकानात घाणेरडी पिक्चरं पाहते, इथून सुरुवात झाली. मोहाडीला पोचेपर्यंत कॉम्प्युटरवर कोणा पोट्ट्यासोबत तिचं बोलणं चालतं, इथपर्यंत गोष्ट गेली. सानगडीच्या एका घरात तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं होतं. तिकडून निरोप आला की आमचा विचार बदलला. कारण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी गणपतभाऊंचं मशीन भंडाऱ्याला माझ्या दुकानात आणलं, वेग आणि व्होल्टेज मूळ जागेवर नेलं, पट्टी स्पिरिटने धुतली. मशीन व्यवस्थित चाललं. "व्हायरस काढला," म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी ओव्हरक्लॉकिंगचा नीट अभ्यास केला. चांगुलपणा म्हणून नाही, भीती म्हणून. इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचल्या, स्वतःच्या पैशाने दोन प्रोसेसर जाळले. पुढे नागपूरपासून लोक मशीन वाढवून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. माझ्या हातचं मशीन वैशाखातही अडखळत नाही, अशी ख्याती झाली. त्या ख्यातीची मुळं कुठे आहेत हे मी कोणाला सांगितलं नाही. तुमसरचं काम मात्र घेत नव्हतो, आणि मोहाडीवरून जाणारी बस टाळत होतो.

आता दुकान मुलाने मोबाइलचं केलं आहे. मी घरीच, समोरच्या खोलीत, ओळखीतली कामं करतो. या उन्हाळ्यात एका दुपारी ऑटो थांबला आणि एक बाई डबा पोटाशी धरून उतरली. केसांत पांढरी छटा, डोळ्यांना चष्मा. मी ओळखलं नाही.

"कुंदा जी काका. मोहाडीची."

माझ्या बायकोने तिला पाणी दिलं. तिला हे नाव माहीत नव्हतं, तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

कुंदाचा आता मोहाडीत स्वतःचा स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, मंडईच्या जत्रेतली नाटकं. ड्रोनचं शूटिंग आल्यापासून फाइली अवजड झाल्या आणि तिचं मशीन मागे पडायला लागलं. नवीन मशीन मागवलं होतं, पण ते यायला वेळ होता आणि लग्नं थांबणार नव्हती.

"प्रोसेसर वाढवता येण्यासारखा हाय. म्या पाह्यलं," ती म्हणाली. "पण म्या हात नाही लावला. तुम्ही करून द्या. अन्‌ मी इथंच बसते."

"सगळ्या फाइली दुसरीकडे ठेवल्या आहेत?"

"दोन ठिकाणी," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. "कार्डंबी पुसली नाई."

मी डबा टेबलावर घेतला आणि स्क्रू काढले.

मी काम सुरू केलं. आधी थंड करायची व्यवस्था, वेग नंतर, हा माझा नियम. जुनी जाळी काढली, प्रोसेसरची उष्णता जाळीत नेणारी वाळलेली पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि माझ्याकडची मोठी जाळी, मोठा पंखा बसवला. डब्याच्या पुढून हवा आत, मागून बाहेर, असे दोन पंखे लावले आणि झाकण घट्ट बंद केलं. उघड्या डब्यात हवा गार वाटते, पण वाहत नाही. वाहिली नाही की उपयोग नाही.

मग बायकोला सांगितलं, "कूलर बंद कर."

"काय?"

"कूलर बंद. मोहाडीत वीज गेली, कूलर थांबला, तरी हे चाललं पाहिजे."

"माणसं मरतीन तरी चालन, तुमचं मशीन वाचलं पाह्यजे," ती म्हणाली आणि बटण दाबून आतल्या खोलीत निघून गेली.

खोली काही मिनिटांत भट्टी झाली. मे महिन्यातली भंडाऱ्याची दुपार, वर पत्रे. थंडीत वाढवलेलं मशीन उन्हाळ्यात का फसतं, तर खोलीची उष्णता सरळ प्रोसेसरच्या उष्णतेत मिळते. म्हणून परीक्षा वैशाखाच्या दुपारीच घ्यायची. कपाळावरचा घाम पडद्यावर पडू नये म्हणून मी गळ्यात दुपट्टा टाकला.

वेग एक पायरी वाढवला. व्होल्टेज मदरबोर्डाच्या मर्जीवर न सोडता हाताने बांधलं, कारण बोर्ड आपला जीव वाचवायला गरजेपेक्षा जास्त देतो. मग प्रोसेसरला पूर्ण जुंपणारी चाचणी लावली. तापमान चढलं आणि सत्तर अंशांच्या आसपास थांबलं. आणखी एक पायरी. पुन्हा चाचणी. पुन्हा थांबलं. आणखी एक, आणि मशीन थिजलं.

कुंदा खुर्चीतून पुढे झाली.

मशीन पुन्हा सुरू केलं. अशा वेळी व्होल्टेज अगदी चिमूटभर वाढवून पाहतात. पाहिलं. चाललं, पण तापमान एकदम वर सरकायला लागलं. ऐंशी, पंच्याऐंशी, आणि थांबेना. माझं बोट बटणावर. आणखी चिमूटभर दिलं तर कदाचित स्थिर होईल, असं हात सांगत होता. तोच हात, तीच सवय.

"द्या ना आणखीन थोडं," कुंदा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता, पण पदराचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हे मशीन इतकंच पळतं. याच्यापुढे त्याला मारणं आहे."

एक पायरी खाली आणलं, व्होल्टेजही उतरवलं, आणि लांबची चाचणी लावली. ती चालेपर्यंत नुसतं बसायचं असतं. पंख्यांचा घूं घूं आवाज, पडद्यावर तापमानाची रेष. आम्ही दोघंही घामाने भिजलो होतो.

"मशीनची परीक्षा घेऊन राहिले, का माही, काका?" ती थोडं हसली.

तेव्हा मी बोललो. तयारी केलेली वाक्यं होती, वर्षानुवर्षं मनात घोळवलेली, पण त्यांतलं एकही आलं नाही. म्हणालो, "कुंदा, गणपतभाऊंच्या मशीनमध्ये व्हायरस नव्हता."

ती रेषेकडे पाहत राहिली.

"मी व्होल्टेज जास्त दिलं होतं. वरून कूलरची ओल. फाइली माझ्यामुळे गेल्या. मला तेव्हाच कळलं होतं."

"मलेबी माहीत हाय," ती म्हणाली. "लगेच नाई कळलं. स्वतःचं मशीन घेतलं, शिकली, तवा कळलं. त्या दिवशी तुम्ही बॅटरी मारून आतमंधी पाह्यलं ना, तवा तुमचं तोंड म्या पाह्यलं होतं. काय पाह्यलं तुम्ही, ते मंग समजलं."

"मग आलीस कशाला?"

"मशीन वाढवाचं होतं म्हणून. अन्‌ तुम्ही कधी बोलता ते पाहाचं होतं म्हणून."

मी हात जोडले असतील. नीट आठवत नाही. तिने मला मधेच थांबवलं.

"मले सांगून काय फायदा काका? म्या काही केलं नाई, हे मले तं पयल्या दिवसापासून माहीत होतं. गणपतभाऊ वारले. सानगडीवाल्याचं लग्न झालं, पोरं मोठी झाली, त्याचं मले काही नाई." ती थांबली. "आई गेली ना, जायच्या आधी माह्या डोक्यावरून हात फिरवला अन्‌ म्हणे, म्या तुले कवाचं माफ केलं बाई. मले माफ केलं! कशासाठी माफ केलं, तुम्ही सांगा."

मी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"आता बाबा ऱ्हायले. मांगच्या महिन्यात दवाखान्यात ठेवलं होतं, आठ दिवस शुद्ध नव्हती. त्यायनं तं मले कधी एक शब्द नाई इचारला. तेव्हाबी नाई, आतापर्यंत नाई. माहं दुकान घरापासून एका गल्लीवर हाय, पण तिथं कधी पाय नाई ठेवला. मी सोता सांगाले गेली तं म्हणतीन, आता काहून सफाई देऊन राह्यली. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं होतं, तुम्हीच सांगा."

चाचणी पूर्ण झाली. एकही चूक नाही. तापमानाची रेष सरळ. एरवी त्या क्षणी मला केवढा आनंद होतो. त्या दिवशी मी नुसतं मशीन बंद केलं, कागदावर सगळी सेटिंग लिहून तिला दिली आणि सदरा बदलला.

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. तिने माझी टोपी आणून दिली.

ऑटोतून कुंदा आणि मी मोहाडीला निघालो. डबा आमच्या दोघांच्या मधे होता.

हिरामणभाऊ मागाच्या खोलीत होते. माग बंद होता. डोळ्यांनी विणणं होत नाही, म्हणून ते बसल्या जागी चरख्यावर कांड्या भरत होते, दुसऱ्या विणकरांसाठी. कोशाचा तो मातकट पिवळा धागा त्यांच्या बोटांतून जात होता. दवाखान्यातून आलेलं शरीर, पण हात थांबला नव्हता.

"बाबा, हे भंडाऱ्याचे काका. तुमाले काही सांगाचं हाय म्हणतेत." एवढं बोलून कुंदा पाणी आणायला आत गेली. माठाजवळ ती थांबली आहे हे मला इकडून दिसत होतं.

"बसा जी," हिरामणभाऊ म्हणाले.

मी खाली बसलो आणि सांगितलं. मशीन कसं वाढवलं, कूलर कसा लावला, पांढरी पावडर, मिलवाल्यांची माणसं, व्हायरस हा शब्द, आणि त्याच्यामागचं वाक्य. पेन ड्राइव्हचंही सांगितलं, कारण पहिलं खोटं भीतीने निघालं असं म्हणता येईल, दुसरं तसं म्हणता येत नाही. मी बोलत असताना चरखा फिरत होता. मी थांबलो तेव्हा तोही थांबला.

"म्हंजे पोरीनं काही पाह्यलं नव्हतं."

"नाही."

"अन्‌ हे सांगाले तुम्ही एवढ्या उन्हात आले?"

"हो."

त्यांनी धाग्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले तं माहीतच होतं जी."

मला वाटलं, ते माझी सुटका करताहेत. पण ते माझ्याकडे पाहत नव्हतेच.

"माह्या पोरीवर म्या एक दिवस शंका नाई घेतली," ते म्हणाले. "तिच्या मायनं घेतली. म्या नाई."

माठावरचं झाकण वाजलं. कुंदा दारात आली. हातात तांब्या होता, ओंजळीएवढं पाणी तिच्या पायावर सांडलं होतं.

"माहीत होतं तुमाले?"

हिरामणभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"इतकी वर्सं? मंग बोलले काहून नाई, बाबा? एकदा तरी इचाराचं! मले वाटे, तुमालेबी खरं वाटते. म्हणून तुम्ही गप ऱ्हायता."

"इचारलं असतं तं तुले वाटलं असतं, बापाले शंका हाय," ते म्हणाले. "म्हणून नाई इचारलं."

"अन्‌ दुकानात नाई आले ते?"

"तू कवा ये म्हणली?"

एका शब्दाने मी तिची नोकरी घेतली, साक्षगंध मोडलं, हे मला ठाऊक होतं. बापलेकीच्या मधे एवढी वर्षं मी काय ठेवून गेलो होतो, ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. एकमेकांना जपायला म्हणून दोघं गप्प राहिली होती.

कुंदाने तांब्या खाली ठेवला. त्यांच्या हातातली कांडी काढून घेतली.

"चाला."

"आत्ता?"

"आत्ताच चाला. चपला कोठी हायेत तुमच्या?"

त्यांना उठायला वेळ लागला. तिने एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा सावरून दिला. उन्हं उतरली होती, ओट्यांवर बाया बसल्या होत्या. हिरामणभाऊ भिंतीला हात लावत लावत चालत होते, आणि ज्या ज्या घरासमोर थांबत होते तिथे कोणी ना कोणी विचारत होतं, "कोठी निघाले जी बाबा?"

ते प्रत्येकाला थांबून सांगत होते, "पोरीच्या दुकानात जाऊन राह्यलो."

मी डबा उचलला आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, चालत राहिलो.